काडीवरची बाई: हाइलब्रॉनच्या तपासाचं प्रकरण

घटनास्थळ हाताळणीच्या प्रशिक्षणात पहिल्या तासाला मी टेबलावर एकच वस्तू ठेवतो, स्वॅबची बंद नळी. करोनाच्या दोन वर्षांत ही काडी आपल्या सगळ्यांच्या नाकात जाऊन आली आहे, त्यामुळे ओळख करून द्यावी लागत नाही. समोर ठाण्यातले हवालदार असतात, नवे फौजदार असतात, नुकतीच न्यायवैद्यक शास्त्राची पदवी घेतलेली मुलंमुली असतात. मी विचारतो, "या नळीत काय आहे?" उत्तर ठरलेलं. "काही नाही सर. स्टराइल आहे ना." त्या "काही नाही"साठी मी हाइलब्रॉनचं प्रकरण काढतो.

हाइलब्रॉन हे जर्मनीच्या नैर्ऋत्येकडचं, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातलं नेकार नदीकाठचं शहर. तिथे टेरेझियनवीझे नावाचं मोठं मैदान आहे. जत्रा असेल तेव्हा जत्रेचं, एरवी गाड्या लावायचं. २५ एप्रिल २००७ ला मे महिन्याच्या जत्रेची मांडामांड चालू होती. दुपारी दोनच्या सुमाराला २२ वर्षांची पोलीस मिशेल कीझेवेटर आणि तिचा सहकारी गस्तीची बीएमडब्ल्यू तिथे लावून जेवणाच्या सुट्टीत बसले होते. कुणीतरी जवळ येऊन दोघांच्या डोक्यात गोळ्या झाडल्या. कीझेवेटर जागीच गेली. सहकारी काही आठवडे कोमात होता. तो वाचला, पण त्याच्या आठवणीतून तपासाला धागा मिळेना. दोघांची सरकारी पिस्तुलं गायब होती.

पोलिसाचा खून झाला की पोलीस खातं कसं कामाला लागतं ते आपल्याकडेही माहीत आहे. इथेही तसंच झालं. गाडी तुकड्यातुकड्याने स्वॅबने पुसून घेतली गेली. प्रयोगशाळेत त्यातून एक डीएनए प्रोफाइल निघालं, ते बाईचं. देशाच्या डीएनए संग्रहाशी ताडून पाहिलं, तर बाई आधीपासून तिथे होती. नाव नाही, चेहरा नाही, नुसते आकडे. पण जुने.

तिची कुंडली

ही कुंडली मी फळ्यावर लिहितो, कारण ऐकताना तिचा विचित्रपणा लक्षात येत नाही, लिहिल्यावर येतो.

१९९३, इडार-ओबरश्टाइन. ६२ वर्षांच्या एका बाईंचा घरात गळा आवळून खून. डीएनए चहाच्या कपाच्या कडेवर.

२००१, फ्रायबुर्ग. ६१ वर्षांच्या एका गृहस्थांचा खून, पुन्हा गळा आवळून. डीएनए स्वयंपाकघराच्या खणावर.

त्याच वर्षी गेरोलश्टाइनजवळच्या रानात सापडलेल्या, हेरॉइनच्या सिरिंजवर. त्याच वर्षी मायन्झजवळ बुडेनहाइमला फोडलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये, अर्धवट खाल्लेल्या बिस्किटावर. २००४ मध्ये फ्रान्समधल्या आर्ब्वा इथल्या लुटीनंतर मिळालेल्या खेळण्यातल्या पिस्तुलावर. २००५ मध्ये वोर्म्सला एका भावाने भावावर झाडलेल्या गोळीवर. २००६ मध्ये झारब्र्युकेनला खिडकी फोडायला वापरलेल्या दगडावर. २००७ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रियातल्या एका चष्म्याच्या दुकानात. शिवाय चोरीच्या गाड्या आणि मोटारसायकली, डझनाने.

हाइलब्रॉननंतरही ती थांबली नाही. २००८ मध्ये तीन जॉर्जियन माणसांच्या खुनाच्या तपासात एका गाडीत तिचा डीएनए मिळाला. सगळं धरून तीन देशांत सुमारे ४० घटनास्थळं आणि सहा खून. वर्तमानपत्रांनी तिला "हाइलब्रॉनचं भूत" म्हटलं, "चेहरा नसलेली बाई" म्हटलं. २००९ च्या जानेवारीत तिच्यावरचं बक्षीस ३ लाख युरो झालं, तेव्हाच्या भावाने जवळपास २ कोटी रुपये.

एवढं लिहून झालं की मी वर्गाला म्हणतो, आता ही बाई कशी आहे ते सांगा. अंदाज फार छान येतात. व्यसनी असेल. टोळीसाठी काम करत असेल. फिरस्ती असेल. भाडोत्री मारेकरी असेल. जर्मन अधिकाऱ्यांनीही हेच केलं होतं. ऑस्ट्रियात मायटोकॉन्ड्रियल डीएनएची, म्हणजे आईकडून मुलांकडे येणाऱ्या डीएनएची, चाचणी झाली, तिचा कल पूर्व युरोपाकडे निघाला, आणि चित्रात आणखी रंग भरला. काही गुन्ह्यांत साथीदार पकडले गेले होते. त्यांच्याकडून या बाईचा पत्ता लागत नव्हता. त्याचाही अर्थ लावला गेला की सगळे तिला घाबरून आहेत.

या टप्प्यावर एखादा तरी विद्यार्थी अडखळतो. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, जी बाई दोन म्हाताऱ्यांचा गळा आवळते ती चष्म्याच्या दुकानात काय करते?" तेच तर. सराईताची एक पद्धत असते, आपल्याकडे ठाण्यात तिला "एमओ" म्हणतात. या बाईला पद्धतच नव्हती. वय, हत्यार, साथीदार, लाभ, कशाचाच कशाला मेळ नाही. कायम होती ती एकच गोष्ट, तिचा डीएनए.

नकाशातली पोकळी

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट प्रयोगशाळेतली नाही, नकाशावरची आहे. या ४० जागा टाचण्यांनी दाखवल्या तर बाडेन-व्युर्टेम्बर्ग, राइनलँड-पॅलेटिनेट, झारलँड आणि हेसे भरून जातात. सीमेपलीकडे ऑस्ट्रियात टाचण्या लागतात. मध्ये बव्हेरिया मात्र रिकामा. जर्मनीतलं क्षेत्रफळाने सगळ्यात मोठं राज्य, एका बाजूला बाडेन-व्युर्टेम्बर्गला चिकटलेलं आणि दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रियाला. बाई दोन्हीकडे धुमाकूळ घालते आणि मधल्या राज्यात कधी दगडसुद्धा उचलत नाही. कोल्हापुरात आणि ठाण्यात चोऱ्या करणाऱ्याने सातारा-पुणे पायदळी तुडवायचं, पण तिथे एकदाही हात मारायचा नाही, असं झालं.

पोलीस नकाशे गुन्हेगाराच्या हालचालींसाठी काढतात. आपल्या स्वतःच्या सामानाच्या हालचालींसाठी कोण काढतो? बव्हेरियाचे पोलीस स्वॅब दुसरीकडून घेत होते, एवढंच त्या पोकळीचं कारण होतं.

काडी जवळून

इथे जरा थांबून स्वॅब घेताना हात नेमकं काय करतो ते दाखवावं लागतं, नाहीतर पुढचं कळत नाही.

समजा कपाची कड आहे. हातमोज्यांची जोडी नवीन घालायची, शक्यतो दोन जोड्या एकावर एक, म्हणजे वरची बदलता येते. तोंडावर मास्क, कारण कपावर वाकून बोलणारा माणूस स्वतःची थुंकी तिथे ठेवून येतो. नळी फोडायची, काडीच्या टोकावर शुद्ध पाण्याचा एक थेंब टाकायचा, आणि टोक तिरकं धरून, फिरवत फिरवत कड पुसायची. म्हणजे कापसाची प्रत्येक बाजू एकदा तरी लागते. लगेच दुसरी, कोरडी काडी त्याच ओलसर जागेवरून. पहिलीने सैल केलेल्या पेशी दुसरी उचलते. मग दोन्ही हवेवर वाळवायच्या आणि कागदी पाकिटात घालायच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाहीत, ओल कोंडली की बुरशी धरते आणि डीएनए कुजतो. पाकिटावर क्रमांक, जागा, वेळ, सह्या, सील.

यातली प्रत्येक पायरी एकाच भीतीपोटी आहे, आपलं काही नमुन्यात जाऊ नये. हातमोजे, मास्क, टोपी, पायावरची आवरणं, अंगावरचा पांढरा सूट. सगळं संरक्षण माणसाच्या आणि कपाच्या मध्ये उभं आहे. काडीच्या आणि कपाच्या मध्ये काहीच नाही. असणारही नाही, काडी कपाला लागायलाच हवी.

आता प्रयोगशाळेची बाजू. माणसाच्या एका पेशीत डीएनए असतो जेमतेम ६ पिकोग्रॅम. नेहमीच्या चाचणीला साधारण १ नॅनोग्रॅम पुरतो, म्हणजे दीडशेच्या आसपास पेशी. पीसीआर यंत्र त्याच्या प्रती काढतं, एकाच्या दोन, दोनाच्या चार. २८ फेऱ्यांनंतर कागदावरच्या हिशेबाने एकाच्या २६ कोटींच्या वर. त्यामुळेच दारूच्या ग्लासावरच्या ओठाच्या खुणेतून माणूस सापडतो. आणि त्यामुळेच चक्कीवाल्याच्या हाताचं पीठ जसं शिवेल तिथे लागतं, तसं दुसऱ्या कुणाच्या बोटाचं पीठही यंत्राला दिसतं. हे पीठ घटनास्थळावरचं आहे की कारखान्यातलं, हे यंत्राला कळत नाही. त्याला तसं कुणी विचारलेलंही नसतं.

एक बारकावा आणखी. जिथे रक्ताचा डाग किंवा लाळेचा भरपूर नमुना असतो, तिथे काडीवरचं ते चिमूटभर परकं पीठ दबून जातं. जिथे मूळ नमुनाच हलका, नुसत्या स्पर्शाचा, तिथे ते वर येतं. चोरीच्या गाडीचं स्टिअरिंग, खिडकीवर फेकलेला दगड, खण, गोळी: या बाईच्या यादीतल्या बऱ्याच वस्तू याच जातीच्या आहेत. मागे वळून पाहताना यादी स्वतःच बोलते. तेव्हा ती कुणाला तशी वाचता आली नाही.

मार्च २००९

उलगडा झाला तो या खुनांच्या तपासात नाही, एका बाजूच्या कामात. एक जळालेलं प्रेत होतं, पुरुषाचं, आणि ते कुणाचं हे ठरवायचं होतं. ते २००२ पासून बेपत्ता असलेल्या एका आश्रयार्थीचं असावं असा अंदाज होता. त्याने आश्रयाच्या अर्जावर बोटांचे ठसे दिले होते. ठशांच्या त्या जुन्या कागदावरून स्वॅब फिरवून डीएनए मिळतो का पाहिलं. मिळाला. बाईचा. आणि तोच, हाइलब्रॉनच्या गाडीतला.

पुरुषाच्या अर्जावर, पुरुषाच्या ठशांवर, त्या बाईचा डीएनए. आता व्यसन, टोळी, भाडोत्री मारेकरी, काहीही म्हणा, हे बसत नव्हतं. दुसऱ्या काडीने पुन्हा नमुना घेतला. त्यात ती नव्हती.

मार्चच्या अखेरीस हे जाहीर झालं. ४० घटनास्थळांना जोडणारी बाई कुठल्याच घटनास्थळी गेली नव्हती. ती स्वॅबच्या वेष्टनाच्या कामावर होती. ज्या कारखान्यातून या काड्या येत होत्या तिथे पूर्व युरोपातून आलेल्या बायका काम करत होत्या. म्हणजे मायटोकॉन्ड्रियल चाचणी बरोबर होती. प्रोफाइल बरोबर होतं. ती स्त्री असल्याचा निष्कर्षही बरोबर होता. प्रयोगशाळेने काडीवर जे होतं ते अगदी चोख वाचलं होतं.

१९९३ च्या खुनाचं काय, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. तेव्हा तर या काड्या नसतील. नव्हत्याच. गुन्हा १९९३ चा, पण कपाच्या नमुन्याची डीएनए चाचणी झाली २००१ मध्ये. काडी नवी, गुन्हा जुना. पण फाइलवर तारीख गुन्ह्याची पडते, काडीची पडत नाही. त्यामुळे बाईच्या कारकिर्दीत आठ वर्षांची भर पडली. पंचनाम्यात किंवा प्रयोगशाळेच्या नोंदीत स्वॅबचा लॉट क्रमांक, म्हणजे कारखान्यातून एकत्र निघालेल्या मालाचा क्रमांक, लिहिण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी. एका ओळीचं काम आहे. ४० फाइलींत ती ओळ असती तर ४० फाइली शेजारी ठेवून वाचणाऱ्याला बाईच्या आधी डबा दिसला असता.

स्टराइल म्हणजे काय

या काड्या स्टराइल होत्या. यात कुणी खोटं बोललं नव्हतं. स्टराइल म्हणजे त्यावर जिवंत जंतू नाहीत. डॉक्टरला तेवढंच हवं असतं, कारण घशाच्या नमुन्यात त्याला रोग्याचा जंतू शोधायचा असतो, दुसरा जंतू मध्ये नको असतो. डीएनए मुळात जिवंत नसतोच, त्यामुळे त्याला मारण्याचा प्रश्न येत नाही. जंतू मरतात त्या उष्णतेतून किंवा किरणोत्सारातून त्याचे तुकडे शिल्लक राहू शकतात, आणि पीसीआरला तुकडे चालतात. काड्या स्टराइल होत्या, पण मानवी डीएनए गोळा करण्यासाठी प्रमाणित नव्हत्या. वैद्यकीय कामाची वस्तू गुन्ह्याच्या कामाला लावली गेली होती.

पुढे जाऊन याचं मानक तयार झालं. आयएसओ १८३८५, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं, न्यायवैद्यक कामासाठी लागणाऱ्या साहित्यात मानवी डीएनएची भेसळ कमीत कमी कशी ठेवायची यावर. इथिलीन ऑक्साइड वायूची पुरेशी मात्रा दिली तर डीएनए वाचण्याजोगा राहत नाही, हे त्याआधीच दिसलेलं होतं. कामगारांचे डीएनए प्रोफाइल उत्पादकांनी ठेवावेत, म्हणजे असं कुणी सापडलं तर ताडून पाहता येईल, ही पद्धतही रुळली. घटनास्थळी जाणारे कर्मचारी, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांचे प्रोफाइल वगळणीसाठी, म्हणजे नमुन्यात त्यांचाच डीएनए आला तर तो ओळखून बाजूला काढण्यासाठी, ठेवतातच. त्या यादीत पॅकिंगवाली बाई असायला हवी हे सुचायला हाइलब्रॉन घडावं लागलं.

न वापरलेल्या, कोऱ्या काडीच्या चाचणीबद्दल मात्र एक गैरसमज आहे आणि तो चांगल्या अधिकाऱ्यांतही आहे. "दोन-चार कोऱ्या काड्या तपासल्या, स्वच्छ निघाल्या, म्हणजे डबा स्वच्छ." डब्यातल्या सगळ्याच काड्यांना हात लागलेला नसतो. शंभरातल्या थोड्याच दूषित असतील तर तुम्ही उचललेल्या चार स्वच्छच निघण्याची शक्यता भरपूर. म्हणून प्रत्येक घटनास्थळी, त्याच डब्यातली, न वापरलेली एक काडी नमुन्यांसोबत पाठवायची सवय लावावी लागते. एका ठिकाणी ती काही सांगणार नाही. पन्नास ठिकाणांच्या कोऱ्या काड्या मिळून सांगतील.

किंमत कुणी मोजली

वर्गात इथे हसू फुटतं. कापसाची काडी शोधत फिरले म्हणे. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. नंतर हसू येईनासं झालं, दोन गोष्टींमुळे.

पहिली ही की तपासाचा रोख रोमा आणि फिरस्त्या कुटुंबांकडे गेला. बाई ठिकठिकाणी दिसते, कुठेच राहत नाही, म्हणजे फिरस्तीच असणार, हा तर्क. खुनाच्या वेळी मैदानाच्या आसपास जत्रेची माणसं होती, त्याने बळ मिळालं. जर्मनीतल्या सिंती आणि रोमा या समाजांच्या केंद्रीय परिषदेने नंतर याविरुद्ध आवाज उठवला. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर शिक्का मारला ते लोक १९५२ साली कागदोपत्री मुक्त झाले, पण गावाबाहेर पाल पडलं आणि गावात चोरी झाली की आजही पोलीस गाडी आधी पालाकडे वळते. जर्मनीत ती गाडी एका काडीच्या जोरावर वळली.

दुसरी गोष्ट खुन्यांची. ४ नोव्हेंबर २०११ ला थुरिंगिया राज्यातल्या आयझेनाखमध्ये बँक लुटल्यानंतर पोलिसांनी हेरलेल्या एका कॅम्परमध्ये उवे मुंडलोस आणि उवे ब्योनहार्ट हे दोघे मेलेले सापडले. गाडीत कीझेवेटर आणि तिच्या सहकाऱ्याची सरकारी पिस्तुलं होती. हे दोघे आणि बेआटे चेपे यांचा एनएसयू नावाचा निओ-नाझी गट होता. २००० ते २००६ या काळात त्यांनी नऊ माणसं मारली होती, आठ तुर्की मुळाची आणि एक ग्रीक. दहावी कीझेवेटर. ११ जुलै २०१८ ला म्युनिकच्या न्यायालयाने चेपेला जन्मठेप दिली.

काडी शुद्ध असती तर २००७ मध्येच खुनी सापडले असते, असं मी म्हणणार नाही. या गटाचे आधीचे खून पोलिसांना अनेक वर्षं उलगडले नव्हते, आणि त्याची कारणं कापसात नव्हती. पण दोन वर्षं हाइलब्रॉनच्या विशेष पथकासमोर एका बाईचं चित्र होतं. दोन पुरुषांकडे बोट दाखवणारं काही समोर आलं असतं तरी त्या चित्राशी ते जुळलं नसतं.

मोजपट्टी

याच प्रकरणाला एक शेपूट आहे. मी ते मुद्दाम शेवटच्या तासाला सांगतो, तोवर सगळ्यांना वाटायला लागलेलं असतं की चांगल्या कंपनीचे स्वॅब घेतले की झालं.

जुलै २०१६ मध्ये थुरिंगियाच्या जंगलात एका मुलीचे अवशेष सापडले. ती २००१ मध्ये, नऊ वर्षांची असताना, शेजारच्या बव्हेरियातून नाहीशी झाली होती. ऑक्टोबरमध्ये बातमी फुटली की तिथे सापडलेल्या कापडाच्या एका बारीक तुकड्यावर उवे ब्योनहार्टचा डीएनए आहे. जर्मनी हादरली. निओ-नाझी गटाने लहान मुलीचा जीव घेतला का, या दिशेने सगळं फिरलं. आणि मग कुणीतरी तो प्रश्न विचारला जो २००७ मध्ये विचारला गेला नव्हता. आयझेनाखच्या कॅम्परची तपासणी कुणी केली होती, आणि जंगलातल्या जागेची कुणी?

दोन्ही थुरिंगियाच्याच पोलिसांनी. तो तुकडा कॅम्परमध्ये सापडलेल्या हेडफोनच्या कापडाचा निघाला. पोलिसांच्या सामानासोबत तो एका घटनास्थळावरून दुसऱ्यावर गेला होता, पाच वर्षांनी. संशय गेला तो छायाचित्रात मोजमाप दिसावं म्हणून शेजारी ठेवायच्या मोजपट्टीवर.

मोजपट्टी. आपल्याकडच्या किट पेटीत ती कुठे असते ते आठवून पाहा. तळाला, टॉर्चच्या सेलांशेजारी, खडूच्या चुऱ्यात. ती कुणी पुसत नाही, कारण तिच्याने कुणी नमुना घेत नाही. ती फक्त रक्ताच्या डागाशेजारी ठेवायची, फोटो काढायचा आणि परत पेटीत टाकायची. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रक्ताच्या डागाशेजारी. माझ्या स्वतःच्या जुन्या पेटीतल्या पट्टीवर तपकिरी काहीतरी वाळलेलं होतं आणि ते चहा आहे असं मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. अजूनही मला खात्री नाही. पट्टी फेकून दिली, आता कागदी, एकदाच वापरायच्या पट्ट्यांचं पुडकं ठेवतो.

आपल्या पेटीचं काय

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६ (३) ने सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणं बंधनकारक केलं, आणि ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली. कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आणलं. अर्थ सरळ आहे. काड्या वाढणार, पेट्या वाढणार, व्हॅन वाढणार, तरुण मुलामुलींना नोकऱ्या मिळणार आणि निविदा निघणार. निविदेत "स्वॅब, स्टराइल, नग इतके" असं लिहिलं तर सगळ्यात कमी दराचा वैद्यकीय स्वॅब येईल आणि त्यात पुरवठादाराची काही चूक असणार नाही. त्याने मागितलं तेच दिलं. "मानवी डीएनए-मुक्त, आयएसओ १८३८५ प्रमाणे, लॉट प्रमाणपत्रासह" हे शब्द मागणीपत्रात घालणारा माणूस वेगळा असतो, आणि तो बहुधा घटनास्थळी कधीच जात नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांसाठी देशभर लागू होणारे निर्देश दिले. पाकिटावर काय लिहायचं, नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायचा, प्रत्येक हस्तांतराची नोंदवही ठेवायची. फार गरजेचं होतं, मुद्देमाल कोठडीत आठवडेच्या आठवडे पडलेली पाकिटं मी पाहिली आहेत. पण ही साखळी मोजायला सुरुवात होते नमुना घेतल्यापासून. हाइलब्रॉनची साखळी त्याच्या कितीतरी आधी, कारखान्यातल्या पॅकिंगच्या टेबलावरच सुटली होती.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी सराव असतो. एका खोलीत खोटं घटनास्थळ मांडतो: उलटलेली खुर्ची, फुटलेला कप, लाल रंग. तीन-तीनच्या गटाने जायचं, नमुने घ्यायचे, पंचनामा लिहायचा. गेल्या तुकडीत वीसेक वर्षं नोकरी झालेल्या एक हवालदार ताई होत्या. शास्त्राच्या पदवीची मुलं काड्यांशी खेळत असताना त्या कोपऱ्यात बसून लिहीत होत्या. मध्येच वर बघून म्हणाल्या, "सर, कोरी काडी जप्त दाखवायची म्हणताय. पंच विचारेल, रिकाम्या काडीची जप्ती कशाला. आणि कोर्टात वकील विचारेल ते वेगळंच."

मी म्हटलं, "मग तुम्ही काय लिहाल ताई?"

त्यांनी थोडा वेळ पेन दाताखाली धरलं, मग लिहिलं आणि वाचून दाखवलं: "सदर नमुने घेणेकामी वापरलेल्या डब्यातीलच, लॉट क्रमांक वर नमूद केल्याप्रमाणे, न उघडलेली एक काडी पंचांसमक्ष डब्यातून काढून, ती कोणत्याही वस्तूस न लावता, जशी आहे तशी वेगळ्या कागदी पाकिटात ठेवून, पाकिटावर पंचांच्या व आमच्या सह्यांचे लेबल लावून सीलबंद केले."

मग जरा थांबून "न उघडलेली" खोडलं. म्हणाल्या, नळी उघडल्याशिवाय काडी बाहेर कशी येईल. त्याजागी लिहिलं, "न वापरलेली".